यादीतलं पाचवं नाव

परदेश नेमका कुठून सुरू होतो हे त्या गावात फक्त इन्चार्जबाईंना ठाऊक होतं. विमानतळाच्या एकुलत्या एका दालनात, चहाच्या काउंटरपासून दोन पावलांवर. तिथे त्यांनी स्वतः गुडघे टेकून, दोरी धरून पिवळ्या रंगाची रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडे गाव, पलीकडे परदेश. पहिल्यांदा मारलेल्या रेघेत दालनातलं एकमेव स्वच्छतागृह परदेशात गेलं. तेव्हा चहावाल्याने दिवसभर "बाई, मला व्हिसा द्या हो, फार घाईचा द्या," असा धोशा लावला, आणि दुसऱ्या दिवशी ती खरवडून तीन हात मागे घ्यावी लागली. परदेशासाठी मग अडगळीच्या खोलीत वेगळी सोय केली.

हा सगळा खटाटोप एका करारामुळे. आजवर डोंगरापलीकडच्या शेजारी देशात विमानाने जायचं, तर आधी आपल्या राजधानीत जायचं, तिथून त्यांच्या राजधानीत, तिथून पुढे. सरळ उडालं तर पन्नास मिनिटांचं अंतर, आणि लागायचा दीड दिवस. डोक्यामागून हात नेऊन घास खाण्यातला प्रकार. नव्या करारात दोन्ही देशांनी एकमेकांना पाच-पाच गावं खुली केली. त्या गावांमध्ये कुठल्याही विमान कंपनीने वाटेल तेवढ्या फेऱ्या माराव्यात. दर फेरीसाठी दोन मंत्रालयांच्या पाया पडायला नको.

यादीतली चार नावं पक्की होती. पाचवं या गावाचं, पण ते पेन्सिलीने लिहिलेलं. शाईने व्हायला एक अट होती. दोन्ही देशांचे तपासनीस येणार, विमानातून अठ्ठेचाळीस माणसं उतरणार, आणि ती पासपोर्ट, सामान सगळं तपासून पंचेचाळीस मिनिटांत बाहेरच्या फाटकाशी पोचली पाहिजेत. चुकीचा माणूस आत जाता कामा नये. नाही जमलं तर पाचवं नाव दक्षिणेकडच्या मोठ्या शहराचं. त्यांची धावपट्टी लांब होती आणि वशिला त्याहून लांब. मग आठवड्याला दोन फेऱ्यांवर तग धरून असलेलं हे विमानतळ वर्षअखेरीला बंद, आणि तिथल्या तेवीस माणसांच्या बदल्या तेवीस दिशांना.

"होणार," इन्चार्जबाई सगळ्यांना सांगत. टेलिफोनच्या खुर्चीवरून सुरुवात करून, नियमांची पुस्तकं एकेक करून पाठ करत त्या या खुर्चीपर्यंत आल्या होत्या. अकरा वर्षं त्या हेच मागत होत्या. त्यांच्या 'होणार'मध्ये 'बघू' कधी नसायचं.

पण पहिल्या तालमीला एक तास पन्नास मिनिटं लागली.

तालमीसाठी प्रवासी गावातलेच बोलावले होते. न्हावी, दाताचे डॉक्टर, पोस्टातले दोघं, शिंपीणबाई, बँकेतली सगळी शाखा. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा पासपोर्ट. खिडकीवर बसले होते इन्चार्जबाईंचे धाकटे दीर. पोलिसात होते, पासपोर्ट तपासण्याचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेले, मनाने लोणी. गावात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता, आणि खरी अडचण तीच होती.

"अरे या, या! दाढ कशी आहे आता?" हे दाताच्या डॉक्टरांना. "मुलीचा निकाल लागला का?" हे शिंपीणबाईंना. मग निकाल, मग पुढचं कॉलेज, मग त्या कॉलेजातल्या वसतिगृहाचं जेवण. मागे रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढत चाललेली.

इन्चार्जबाईंनी काचेच्या केबिनची सरकती खिडकी उघडली. "भाऊजी, पासपोर्ट तपासताय की स्थळं बघताय?"

"वहिनी, माणूस समोर उभा आहे, दोन शब्द बोलायला नकोत?"

"नकोत. तीन प्रश्न. कुठून आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार. आणि आधी कागद बघायचा, चेहरा नंतर. चेहरा आधी बघितलात की तुमचा पान्हा फुटतो."

भाऊजींनी हे इतकं मनावर घेतलं की घरीही तेच. जेवायला बसताना पुतणीला विचारायचे, "किती दिवस राहणार?" थोरले भाऊ, म्हणजे इन्चार्जबाईंचे यजमान, हवामान खात्यात होते, घरात त्यांचं मत हवामानाच्या अंदाजासारखंच ऐकून सोडून दिलं जायचं. ते म्हणाले, "हा जरा जास्तच सुधारतोय." दुसऱ्या तालमीला सत्तर मिनिटं लागली, चौथीला बावन्न, सहावीला शेहेचाळीस.

त्या सगळ्या तालमींमध्ये एक प्रवासी मात्र तपासला गेलाच नाही. त्या होत्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे गावाच्या 'मोठ्या बाई'. चौतीस वर्षं शाळा चालवलेली, त्यातली एकवीस मुख्याध्यापिका म्हणून. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येकजण कधी ना कधी त्यांच्या टेबलासमोर मान खाली घालून उभा राहिलेला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्या रस्त्याने निघाल्या की कोपऱ्यावरची मंडळी सिगारेटी पाठीमागे नेत. परदेशी प्रवाशाचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं, आणि घेतल्यावर अर्धवट करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मी परदेशी आहे, तर मला तुमची भाषा कशी येईल?" असं म्हणून त्या रांगेत कुणाशी चकार शब्द बोलत नसत. पण खिडकीशी आल्या की पुठ्ठ्याचा पासपोर्ट न उघडता मुलासमोर धरायच्या आणि हळूच, अगदी आपल्या भाषेत म्हणायच्या, "माझं काय तपासतोस? तुझा जन्मदाखला मी आणलाय."

भाऊजी शिक्का मारायचे. दरवेळी.

इन्चार्जबाईंना ते दिसत होतं. दरवेळी त्या मनाशी म्हणायच्या, आज सांगते. पण तेवढंच अर्धं मिनिट वाचतंय, असं दुसरं मन म्हणायचं. खरं कारण निराळंच होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी सासूबाईंना तोंडावर कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. भांडण नव्हतं, जाच नव्हता. उलट टेलिफोनच्या खुर्चीवरून उठून परीक्षा द्यायला त्यांना ढकललं ते सासूबाईंनीच. पण घरात एकदा त्या 'हो' म्हणाल्या की त्यापुढे कुणी बोलत नसे, आणि इतक्या वर्षांत ती सवय हाडात मुरली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

तपासणीच्या दिवशी सकाळी पेन्सिलवाला कागद घेऊन मुख्यालयातले साहेब आले. अकराच्या सुमाराला डोंगरावरून शेजारच्या देशाचं विमान आलं; दोन पंख्यांचं, पांढरं, पोटावर निळा पट्टा. त्या गावात आजवर उतरलेलं ते पहिलं परदेशी विमान. शिडीवाल्याने शिडी अशी नेऊन लावली की दार आणि पायरी यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. मग त्याने आजूबाजूला बघितलं, कुणी पाहिलं की नाही ते.

विमानातून त्यांच्याकडच्या तपासनीस उतरल्या. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. त्या आपली भाषा बोलत. पायात नवीन चप्पल घालून चालावं तशी, जरा जपून. त्यांनी पुठ्ठ्याचे पासपोर्ट गोळा करून बाजूला ठेवले आणि पेटीतून आपले काढले. "हे वापरायचे. आम्ही बनवले आहेत, सरावासाठी. नावं, फोटो विमानात चिकटवू." सोबत त्यांच्या हाताखालच्या दोन मुली होत्या, कॅमेरा आणि डिंक घेऊन.

अठ्ठेचाळीस माणसं शिडी चढून विमानात गेली, उतरण्यासाठी. त्यातल्या चाळीस जणांनी तोवर विमान आतून पाहिलं नव्हतं. तयारी झाली, दार उघडलं, घड्याळ सुरू झालं, आणि कुणीच बाहेर येईना.

एक मिनिट. दोन. चार.

"काय झालं?" इन्चार्जबाईंनी वॉकीटॉकीवर विचारलं.

"बाई, उतरायलाच तयार नाहीत," शिडीवाला म्हणाला. "न्हावी म्हणतोय, एकदा खुर्ची मागे करून बघतो. बँकेतले पट्टा सोडायला शिकतायत."

सहाव्या मिनिटाला पहिला माणूस पायरीवर दिसला. इन्चार्जबाईंनी मनातल्या मनात गणित मांडलं. अजून जमतं. त्या केबिनमध्ये उभ्या राहिल्या. नियमच होता तसा, खिडकीवरच्या अधिकाऱ्याने घंटा दाबून बोलावल्याशिवाय इन्चार्जने रांगेत जायचं नाही. शेजारी पलीकडच्या बाई घड्याळ धरून उभ्या.

भाऊजींचं काम आज बघण्यासारखं होतं. कागद, चेहरा, तीन प्रश्न, शिक्का. दाताचे डॉक्टर आले, त्यांच्याकडे अशी कोरी नजर टाकली की डॉक्टरच गडबडले आणि 'कुठे उतरणार' या प्रश्नाला "घरी" म्हणून गेले.

"पत्ता?" भाऊजी म्हणाले. इन्चार्जबाईंना त्यांचा अभिमान वाटला.

बाराव्या नंबरवर सासूबाई. ताठ मान, हातात बॅग, चेहऱ्यावर परदेश. त्यांनी पासपोर्ट न उघडता पुढे धरला.

इन्चार्जबाईंना सकाळ आठवली. सकाळी निघताना भाऊजी जोडे घालत होते तेव्हाच सांगायला हवं होतं, 'आज आईंचाही उघडा.' सांगणार होत्या, पण सासूबाई तिथेच बॅग भरत बसल्या होत्या. बारा पावलांवर ते होत असताना आता काचेआडून काहीच करता येत नव्हतं. आणि शेजारच्या बाईंनी घड्याळावरची नजर काढून नेमकी त्याच खिडकीवर लावली होती.

भाऊजींचा हात शिक्क्याकडे गेला. अर्ध्यात थांबला. त्यांनी आईकडे न बघता पासपोर्ट उघडला. एक पान. दुसरं. मग पहिलं पुन्हा. त्यांचे कान लाल झाले.

"बाई," ते म्हणाले. "आपल्या पासपोर्टची मुदत संपलेली आहे. मागच्या वर्षी. आपल्याला आत येता येणार नाही."

सासूबाई परदेशातच होत्या. "कळत नाही," त्या तुटक बोलल्या.

"मुदत. संपली. आपण शेजारच्या खोलीत बसावं."

"कळत नाही."

"आई..." भाऊजींच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी ते लगेच गिळलं. "बाई, कृपया. मागे रांग आहे."

आता मात्र सासूबाईंना अचानक भाषा आली. "काय म्हणालास? मला खोलीत बसवतोस? ते नीट बघ आधी, छापणाऱ्याची चूक असेल." मागे छत्तीस माणसं. त्यातले तीस जण त्यांचेच विद्यार्थी. दोघांनी तर सवयीने हात मागे बांधले. सासूबाई खिडकीसमोरून हलेनात, आणि त्या हलल्याशिवाय मागचं कुणी पुढे येईना.

एक मिनिट गेलं. दोन गेली. भाऊजींनी घंटा दाबली.

इन्चार्जबाई बाहेर आल्या. बारा पावलं. मुख्यालयातले साहेब हळूच म्हणाले, "अहो, सासूबाई ना तुमच्या? घ्या समजुतीने." साहेबांकडे त्यांनी बघितलं नाही. भाऊजींनी पासपोर्ट पुढे केला. इन्चार्जबाईंनी आधी कागद बघितला, मग चेहरा.

"बरं झालं आलीस," सासूबाई म्हणाल्या. "सांग याला. नाटकाचा पासपोर्ट तो, त्याची कसली मुदत? एवढ्याशासाठी गावासमोर उभं करून ठेवलंय मला."

"पासपोर्टची मुदत संपलेली आहे," इन्चार्जबाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बराच शांत निघाला. "खोलीत खुर्ची आहे, पंखा आहे, पाणी ठेवलंय. पण आत येता येणार नाही."

"हे तू मला सांगतेस?"

"सून घरी आहे, आई. इथे इन्चार्ज आहे. आणि इन्चार्ज नाही म्हणतेय."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. पेपर तपासताना बघत तसं; उत्तर बरोबर आहे, पण हिला ते कुठून सुचलं, असं. मग बॅग उचलली, तीन पावलं टाकली आणि खोलीच्या दारात मागे वळल्या.

"तुम्ही काय बघत उभे आहात?" त्या रांगेवर कडाडल्या. "पासपोर्ट उघडून, फोटोचं पान वर करून हातात धरा. बॅगांची कुलपं आत्ताच काढा. पुढचा सरकला की मागच्याने सरकायचं, जांभया द्यायच्या नाहीत. न्हावीबुवा, तुमच्यासाठी वेगळी सूचना काढू का?"

रांग अशी सरळ झाली की फूटपट्टी लावावी. त्यानंतर माणसं खिडकीसमोरून गेली ती यंत्रातून निघाल्यासारखी. भाऊजींना पान शोधावं लागेना, कस्टमवाल्याला बॅग उघडायला सांगावं लागेना. कुठे ढिलाई दिसली की खोलीच्या दारातून नुसता खाकरण्याचा आवाज यायचा.

पलीकडच्या बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "हा प्रवासी तुमचा कर्मचारी आहे?"

"नाही," इन्चार्जबाई म्हणाल्या. "प्रवेश नाकारलेला प्रवासी आहे."

"तो रांगेला सूचना देतो आहे."

"देऊ नयेत, असं करारात कुठे लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलाय."

त्या बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मूळ करार बनवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या, हे इन्चार्जबाईंना नंतर कळलं.

शेवटची शिंपीणबाई फाटकाबाहेर पडली तेव्हा घड्याळ थांबलं. त्रेचाळीस मिनिटं, दहा सेकंद.

दालनात टाळ्या सुरू होणार एवढ्यात पलीकडच्या बाईंनी हात वर केला. "संपलं नाही. नाकारलेल्या प्रवाशाचं काय करायचं?"

"अहो, जाऊ द्या आता त्यांना घरी," साहेब हसत म्हणाले.

"घरी नाही," इन्चार्जबाई म्हणाल्या. "कलम नऊ. ज्या विमानाने आला त्याच विमानाने परत. चला, आई."

त्यांनी बॅग घेतली. सासूबाईंनी ती परत ओढून घेतली, स्वतः धरली. दोघी उन्हातून धावपट्टीच्या कडेने चालत निघाल्या. पलीकडच्या बाई दोन पावलं मागे.

"एक विचारू?" सासूबाईंनी वळून त्यांना विचारलं. "अठ्ठेचाळीस माणसांत हा बिघडलेला पासपोर्ट नेमका माझ्याच वाट्याला कसा आला?"

"तुम्ही विमानात शिरलात तेव्हा सत्तेचाळीस माणसं उठून उभी राहिली," बाई म्हणाल्या. "मी ठरवलं, या गावात थांबवायला सगळ्यात कठीण माणूस हाच."

सासूबाईंनी नुसती मान पुढे वळवली. पण शिडी चढताना त्यांची पाठ आणखी ताठ झाली. विमान रिकामं होतं. त्या पुढच्या रांगेत खिडकीशी बसल्या, पट्टा लावला, पहिल्या झटक्यात. इन्चार्जबाई शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"सव्वीस वर्षं," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं, तुला तो शब्द येतच नाही की काय."

"रागावलात?"

"रागावलेच आहे. संध्याकाळपर्यंत रागावणार आहे, मला हाक मारू नकोस." मग पट्टा घट्ट करत, "धाकट्याचे कान लाल झाले होते. पाहिलंस?"

"पाहिलं. पण पान उघडलं त्यांनी. मी सांगितलं नव्हतं."

"न सांगता उघडलं? मग काळजी नाही."

खाली शिडीच्या पायथ्याशी साहेबांनी विमानाच्या चाकाशेजारीच एका पेटीवर कागद पसरला होता. पलीकडच्या बाईंनी खोडरबर मागितला. तो कस्टमवाल्याच्या टेबलावरून पळत आणावा लागला. पेन्सिलीने लिहिलेलं पाचवं नाव त्यांनी खोडलं, आणि त्याच जागी तेच नाव शाईने लिहिलं. साहेबांनी सही केली. मग त्यांनी पेन वर, विमानाच्या दाराकडे धरलं.

"इन्चार्जबाई, तुमची सही राहिली."

इन्चार्जबाई खाली आल्या. सही त्यांनी एका झटक्यात केली. अकरा वर्षं ती सही त्यांनी मनात इतक्यांदा केली होती की ही नुसती नक्कल होती. कागदाला फुंकर मारत त्या म्हणाल्या, "पहिली फेरी कधी?"

"तुमची तयारी झाली की," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"झालीय. मंगळवार."

"पुढच्या महिन्यातला?"

"ह्या आठवड्यातला."

त्या बाईंनी यावेळी ओठांचे दोन्ही कोपरे हलवले. "मंगळवार," असं त्यांनी वहीत लिहिलं.

"बाई!" शिडीवाल्याने हाक मारली. त्याने शिडीची कडी काढायला हात लावला होता आणि तो तसाच थांबला होता. "वैमानिक म्हणतायत, पंधरा मिनिटांत निघायचंय. मोठ्या बाई उतरत नाहीयेत. म्हणतात, कलम नऊ."

दालनाच्या काचेला सगळं गाव नाक लावून उभं होतं. इन्चार्जबाईंनी वर पाहिलं. खिडकीत सासूबाईंचा चेहरा, समोर बघणारा, अढळ.

त्या पुन्हा शिडी चढायला लागल्या. आज दुसऱ्यांदा 'नाही' म्हणायचं होतं, आणि त्यांना जाणवलं की पहिल्यापेक्षा ते बरंच सोपं जाणार आहे.